गाडीतल्या गॅसचा व्हॉल्व्ह तोंडाला लावून तो समुद्रात उतरला, आणि जगाला स्कूबा डायव्हिंग मिळालं

मालवण, तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग केलेल्या प्रत्येकाला तो क्षण आठवत असेल. बोटीच्या काठावर बसायचं, तोंडात रबरी माउथपीस घट्ट धरायचा आणि पाण्याखाली पहिला श्वास घ्यायचा. पहिल्या सेकंदाला पोटात गोळा येतो. मग हवा येते आणि जिवात जीव येतो.

ती हवा ज्या यंत्रातून येते त्याला म्हणतात रेग्युलेटर.

आता स्कूबाचा नाद लागलेली पोरं स्वतःचा रेग्युलेटर घ्यायला लागलीयेत. नवा परवडत नाही म्हणून सेकंड हँड शोधला जातो. जाहिरातीत लिहिलेलं असतं की फार वापरलेला नाही, कंडिशन एकदम टकाटक आणि वॉरंटी शिल्लक आहे. पण या तीन गोष्टींवर विश्वास ठेवून जीव टांगायचा का?

याचं उत्तर रेग्युलेटर बनवणाऱ्या माणसाच्या आयुष्यातच सापडतं. त्याचं नाव जॅक कुस्तो. लाल टोपी, सडपातळ अंगकाठी आणि जगातला सगळ्यात प्रसिद्ध पाणबुड्या.

पायलट व्हायचं होतं, पण गाडी ठोकली

११ जून १९१० ला फ्रान्समधल्या बोर्दो शहराजवळच्या सॅं-आंद्रे-द-कुब्झाक या गावात कुस्तोचा जन्म झाला. १९३० मध्ये तो नौदलाच्या अकादमीत दाखल झाला. स्वप्न मात्र आकाशाचं होतं. त्याला नौदलाचा पायलट व्हायचं होतं.

ट्रेनिंग सुरू असतानाच त्याच्या कारला भीषण अपघात झाला. दोन्ही हातांना जबर मार बसला. हात वाचले, पण पायलट होण्याचं स्वप्न संपलं.

हातात पुन्हा ताकद यावी म्हणून तो तुलों बंदराजवळ समुद्रात पोहायला लागला. १९३६ मध्ये फिलिप तायये नावाच्या नौदलातल्या मित्राने त्याला पाण्यात घालायचा गॉगल दिला. कुस्तोने तो लावून पाण्यात डोकं घातलं आणि खालचं जग पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. त्यानंतर त्याचं लक्ष पुन्हा आकाशाकडे गेलं नाही.

पुढच्याच वर्षी त्याचं सिमोन मेल्कियोरशी लग्न झालं. सिमोनचे वडील एअर लिक्विड या गॅस बनवणाऱ्या मोठ्या फ्रेंच कंपनीत वरच्या पदावर होते. ही सोयरीक पुढे फार कामाला येणार होती.

श्वास किती वेळ रोखणार?

कुस्तो, तायये आणि फ्रेडरिक द्युमा हे तिघं श्वास रोखून खाली जायचे, मासे मारायचे, शूटिंग करायचे. पण श्वास रोखून माणूस किती वेळ राहणार?

त्या काळात पाणबुडे तांब्याचं जड हेल्मेट घालून उतरायचे. हवा वरून पाईपने यायची. पाईप जाईल तेवढंच जग. पाठीवर हवेची टाकी घेऊन जायचं यंत्रही फ्रान्समध्ये होतं. पण त्यात हवा सतत वाहत राहायची आणि व्हॉल्व्ह हाताने फिरवावा लागायचा. टाकी बघता बघता रिकामी.

कुस्तोने शुद्ध ऑक्सिजनवर चालणारं यंत्र वापरून बघितलं. एका ठरावीक खोलीनंतर शुद्ध ऑक्सिजन विषासारखा वागतो. १९३९ मध्ये दोनदा त्याला पाण्याखाली झटके आले. दोन्ही वेळा तो थोडक्यात बचावला.

त्याला हवं होतं एक साधं काम करणारं यंत्र. श्वास आत घेतला की हवा यावी, थांबला की बंद व्हावी. आणि जितक्या खोलीवर असू तितक्याच दाबाची हवा यावी. कारण छातीवर पाण्याचा दाब असताना कमी दाबाची हवा ओढताच येत नाही.

पेट्रोल संपलं म्हणून स्कूबा जन्माला आलं

१९४२ संपत आलं होतं. फ्रान्सवर जर्मनीचा कब्जा होता आणि पेट्रोल मिळत नव्हतं. लोक गाड्या लाकूड-कोळशाच्या गॅसवर चालवायला लागले होते. इंजिनला लागेल तेवढाच गॅस सोडणारा एक छोटा व्हॉल्व्ह एअर लिक्विडमधल्या एमिल गान्यां नावाच्या इंजिनियरने बनवला होता.

सासऱ्यांच्या ओळखीने कुस्तो पॅरिसमध्ये गान्यांला भेटला. त्याने आपली अडचण सांगितली. इंजिन मागेल तेवढा गॅस देणारा व्हॉल्व्ह माणूस मागेल तेवढी हवा का देणार नाही, असा हा हिशोब होता.

कल्पना तशी कोरी करकरीत नव्हती. बेन्वा रुकेरॉल या फ्रेंच खाण इंजिनियरने १८६० मध्येच अशा रेग्युलेटरचं पेटंट घेतलं होतं. नौदल अधिकारी ऑग्युस्त देनेरूझने त्याच्यासोबत १८६४ मध्ये ते पाणबुड्यांसाठी तयार केलं. पण तेव्हाच्या टाक्यांमध्ये पुरेसा दाब भरता येत नव्हता. त्यामुळे ते यंत्र मागे पडलं.

म्हणजे जगातला सगळ्यात प्रसिद्ध रेग्युलेटर हाच मुळात दुसऱ्या कामाच्या व्हॉल्व्हवरून बनलेला होता. पण गान्यांने तो जसाच्या तसा कुस्तोच्या तोंडात दिला नाही. आधी बदलला, मग तपासला.

जानेवारी १९४३ मध्ये पॅरिसजवळच्या मार्न नदीच्या गार पाण्यात पहिली टेस्ट झाली आणि ती फसली. कुस्तो उभा राहिला की हवा भसाभसा वाहून जायची. डोकं खाली केलं की श्वास ओढणं कठीण व्हायचं. कारण शोधल्यावर सापडलं ते अगदी छोटं. हवा आत येण्याची जागा आणि बाहेर जाण्याची जागा यांच्या उंचीत काही सेंटीमीटरचा फरक होता. तेवढ्याने पाण्याचा दाब बदलत होता.

दोन्ही जागा शेजारी शेजारी आणल्या आणि यंत्र सरळ झालं.

काही सेंटीमीटरने जीव जाऊ शकतो, हा रेग्युलेटरने दिलेला पहिला धडा होता.

जून १९४३ मध्ये बांदोल गावाजवळ कुस्तो ते यंत्र घेऊन समुद्रात उतरला. सिमोन पाण्यावर तरंगत त्याच्यावर नजर ठेवून होती. काही झालंच तर उडी मारायला द्युमा किनाऱ्यावर तयार होता. कुस्तो खाली कोलांट्या मारत होता, उलटा होत होता आणि हवा बरोबर येत होती. याच यंत्राला पुढे ॲक्वालंग हे नाव मिळालं.

यंत्र बरोबर होतं, हवा चुकीची होती

युद्ध संपल्यावर नौदलाने तुलोंमध्ये पाण्याखालच्या संशोधनाचं पथक काढलं. तायये, कुस्तो, द्युमा त्यात होतेच. मॉरिस फार्ग नावाचा तगडा पाणबुड्याही होता.

२७ ऑगस्ट १९४६ ला हे पथक वोक्लूझच्या झऱ्यावर पोहोचलं. डोंगराच्या पोटातून येणारा हा झरा किती खोल आहे ते शोधायचं होतं. कुस्तो आणि द्युमा दोरी धरून अंधाऱ्या भुयारात उतरले.

खाली गेल्यावर दोघांची डोकी बधिर झाली. ठरलेल्या खुणा विसरल्या. द्युमाच्या तोंडातून माउथपीस सुटायला लागला. कुस्तोला त्याला ओढायची ताकद राहिली नव्हती. वर दोरी धरून फार्ग उभा होता. खालून येणारे झटके त्याला कळेनात. शेवटी त्याने स्वतःच्या मनाने निर्णय घेतला आणि दोरी जोर लावून वर ओढली. म्हणून ते दोघे जगले.

नंतर टाक्यांमधली हवा तपासली तर त्यात कार्बन मोनॉक्साईड सापडला. या गॅसला वास नसतो, चव नसते. टाक्या भरणारा कॉम्प्रेसर स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढत होता. रेग्युलेटरमध्ये कुठलाही दोष नव्हता. दोष होता तो यंत्राच्या मागे असलेल्या व्यवस्थेत.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९४७ मध्ये, फार्ग खोलीचा विक्रम करायला उतरला. १२० मीटरवरच्या पाटीवर त्याने सही केली. पण त्या खोलीवर हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो. दोरी ओढून त्याला वर आणलं तेव्हा माउथपीस तोंडातून निसटून छातीवर लोंबत होता. कुस्तोचा जीव वाचवणारा माणूस ॲक्वालंग वापरताना गेलेला पहिला पाणबुड्या ठरला.

जुनं जहाज, पण आधी गॅरेजला

१९४६ मध्ये एअर लिक्विडने ॲक्वालंग बनवून विकायला वेगळी कंपनी काढली. गान्यां कॅनडात गेला आणि तिथेही रेग्युलेटरवरच काम करत राहिला. आता हे यंत्र नौदलातल्या चार मित्रांपुरतं राहिलं नव्हतं. दुकानात पैसे मोजून कुणीही ते घेऊ शकत होतं.

१९५० मध्ये कुस्तोला हवं तसं जहाज मिळालं, कॅलिप्सो. तेही सेकंड हँडच. दुसऱ्या महायुद्धात समुद्री सुरुंग काढण्यासाठी बांधलेलं हे लाकडी जहाज नंतर माल्टामध्ये फेरीबोट म्हणून चालत होतं. एका श्रीमंत ब्रिटिश माणसाने ते विकत घेतलं आणि वर्षाला एक फ्रँक अशा नावापुरत्या भाड्याने कुस्तोला दिलं.

जहाज जवळपास फुकटात मिळालं. पण कुस्तो लगेच समुद्रात गेला नाही. आधी आंतीब बंदरातल्या यार्डमध्ये ते पूर्ण दुरुस्त करून, बदलून घेतलं. खर्चासाठी सिमोनने दागिने मोडले.

म्हणजे जहाजाच्या किमतीपेक्षा ते समुद्रात नेण्यालायक करण्याचा खर्च मोठा होता. जुना रेग्युलेटर घेणाऱ्यांचा हिशोब नेमका इथेच चुकतो.

तर सेकंड हँड रेग्युलेटर घेताना काय बघायचं?

आधी यंत्र समजून घ्या. आजच्या रेग्युलेटरचे दोन भाग असतात. टाकीवर बसतो तो फर्स्ट स्टेज. टाकीतला २०० बारच्या आसपासचा दाब तो साधारण ९ ते १० बारवर आणतो. तोंडात असतो तो सेकंड स्टेज. तो उरलेला दाब कमी करून श्वासापुरती हवा देतो. सोबत जोडीदारासाठी जादा सेकंड स्टेज असतो, त्याला ऑक्टोपस म्हणतात. या सगळ्याच्या आत असतात रबरी ओ-रिंग, पडदे, स्प्रिंग आणि दाब अडवणाऱ्या छोट्या सीट.

वॉरंटी कुणाची आहे ते विचारा. आजीवन वॉरंटी हा शब्द ऐकून हुरळून जाऊ नका. बहुतेक कंपन्यांची अशी वॉरंटी पहिल्या ग्राहकापुरती असते. यंत्र विकलं की ती तिथेच संपते. काही कंपन्या पहिल्या मालकाला सर्व्हिसिंगचे पार्ट फुकट देतात. ती सवलतही साधारणपणे दुसऱ्या मालकाला मिळत नाही. विकणारा खोटं बोलत असेलच असं नाही. त्याच्यासाठी वॉरंटी खरंच शिल्लक असते, फक्त तुमच्यासाठी नसते. म्हणून मॉडेल आणि सिरियल नंबर घेऊन कंपनीला किंवा अधिकृत डीलरला थेट विचारा.

सर्व्हिसिंगचा कागद मागा. बऱ्याच कंपन्या वर्षातून एकदा किंवा १०० डाईव्हनंतर, यातलं जे आधी येईल तेव्हा, सर्व्हिसिंग करायला सांगतात. काही कंपन्यांची मुदत दोन वर्षांची असते, पण मधल्या वर्षी तपासणी लागते. अधिकृत ठिकाणी वेळेवर सर्व्हिसिंग केलं नाही तर वॉरंटी पहिल्या मालकाचीही जाऊ शकते. त्यामुळे बिल आणि सर्व्हिस रेकॉर्ड नसेल तर वॉरंटी नाही असं धरूनच भाव करा.

फार वापरला नाही हा प्लस पॉईंट समजू नका. रबर न वापरताही जुनं होतं. चार वर्षं कपाटात पडलेल्या सेटच्या ओ-रिंग कडक झालेल्या असू शकतात. खारं पाणी नीट न धुता ठेवलं असेल तर आत मीठ बसतं, धातू हिरवा पडतो.

आधी पार्ट, मग यंत्र. रेग्युलेटर कितीही चांगला असला तरी त्याचं सर्व्हिस किट मिळत नसेल तर तो शोपीस आहे. जुनी मॉडेल बंद होतात. शिवाय कंपन्या किट शक्यतो अधिकृत टेक्निशियनलाच देतात. त्यामुळे आधी टेक्निशियन शोधा. तो हे मॉडेल उघडतो का, किट मिळतं का, किती दिवस लागतील, हे विचारा. आणि हिशोब तिप्पट धरा. फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज आणि ऑक्टोपस या तिघांचं किट आणि मजुरी वेगवेगळी असते. होज बदलायची असेल तर तो खर्च वेगळा.

हातात घेऊन चार गोष्टी बघा. फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी छोटा धातूचा फिल्टर दिसतो. तो हिरवट असेल तर आत पाणी गेलेलं असू शकतं. तांबूस असेल तर गंजलेल्या टाकीची धूळ आत आलेली असू शकते. होज वाकवून टोकाशी चिरा आहेत का बघा. माउथपीस फाटलाय का बघा. मग फर्स्ट स्टेजचं झाकण घट्ट लावून माउथपीसमधून हवा ओढा. हवा आली तर कुठेतरी गळती आहे. पण हवा आली नाही म्हणजे यंत्र पास झालं असं नाही. आतले दाब गेज लावूनच कळतात.

कंपनीने मॉडेल परत बोलावलं होतं का? गाड्यांसारखेच रेग्युलेटरही कधी कधी दोषामुळे परत मागवले जातात. कंपनीच्या वेबसाईटवर ही यादी असते. आपला सिरियल नंबर त्यात नाही ना, हे बघून घ्या.

आणि शेवटचं. विकणाऱ्याने परवाच सर्व्हिसिंग केलंय असं सांगितलं तरी कागद नसेल तर स्वतःच्या पैशाने पुन्हा करा. जुनी बाईक घेतली की पहिल्यांदा मेकॅनिककडेच नेतो ना? बाईक बंद पडली तर रस्त्याच्या कडेला लावता येते. वीस मीटर खाली रस्त्याला कडा नसते.

एक गोष्ट दिलासा देणारी आहे. आजचे बहुतेक रेग्युलेटर बिघडले की हवा बंद होण्याऐवजी वाहत राहील अशा पद्धतीने बनवलेले असतात. पण वाहत राहिलेली टाकी बघता बघता रिकामी होते. कुस्तोला मार्न नदीत जे दिसलं होतं, तेच.

लाल टोपी जगभर पोहोचली

कॅलिप्सोवरून कुस्तोने जगाला समुद्र दाखवला. १९५३ मध्ये त्याचं द सायलेंट वर्ल्ड हे पुस्तक आलं. त्याच नावाची फिल्म त्याने लुई मालसोबत बनवली. या फिल्मने १९५६ मध्ये कान महोत्सवातला सर्वोच्च पुरस्कार घेतला आणि पुढच्या वर्षी ऑस्करही. १९५७ पासून तीस वर्षांहून जास्त काळ तो मोनॅकोच्या समुद्र संग्रहालयाचा संचालक होता. टीव्हीवरच्या मालिकेने तर त्याला घराघरात नेलं.

पण तो काही देवमाणूस नव्हता. त्याच गाजलेल्या फिल्ममध्ये मासे मोजायला प्रवाळात सुरुंग लावलेला दिसतो, शार्क मारलेले दिसतात. त्यावर पुढे भरपूर टीका झाली. बदलला तो हळूहळू. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकायच्या योजनेविरुद्ध तो उभा राहिला. १९७३ मध्ये त्याने समुद्र वाचवण्यासाठी कुस्तो सोसायटी काढली. जो समुद्र वापरायला निघाला होता, तो समुद्राची निगा राखायची भाषा बोलायला लागला.

मग २८ जून १९७९ उजाडला. त्याचा धाकटा मुलगा फिलिप हा वारसदार मानला जायचा. पाण्यावर उतरणारं कॅटलिना विमान तो चालवायचा. दुरुस्तीनंतर विमानाच्या बुडातून पाणी आत येतं का, हे बघायला लिस्बनजवळ तागुस नदीत तो ते वेगाने पळवत होता. विमानाचं नाक पाण्यात घुसलं, विमान उलटलं आणि फिलिप गेला. तो ३८ वर्षांचा होता.

दुरुस्ती झाली म्हणजे काम संपलं असं नसतं. दुरुस्तीनंतरची पहिली चाचणीही जोखमीचीच असते. सर्व्हिसिंग करून आणलेला रेग्युलेटर म्हणूनच आधी स्विमिंग पूलमध्ये किंवा उथळ पाण्यात वापरून बघतात, थेट खोल डाईव्हला नेत नाहीत.

शेवटी काय उरलं?

१९९० मध्ये सिमोन गेली. कॅलिप्सोवर कुस्तोपेक्षाही जास्त काळ ती राहिली होती. जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडालं. नंतर ते वर काढून फ्रान्सला आणलं. पुढच्या वर्षी, २५ जून १९९७ ला, वयाच्या ८७ व्या वर्षी पॅरिसमध्ये कुस्तोने शेवटचा श्वास घेतला. जन्मगावीच त्याला पुरलं.

कॅलिप्सोचं पुढे काय झालं ते मात्र वाईट आहे. मालकीवरून भांडणं झाली. मग दुरुस्तीच्या बिलावरून यार्ड आणि संस्थेत वाद झाला आणि काम थांबलं. ज्या जहाजाला कुस्तोने दागिने मोडून उभं केलं होतं, ते वर्षानुवर्षं नुसतं कुजत राहिलं. नाव तेच होतं, लाकूड तेच होतं. निगा राखणारं कुणी राहिलं नव्हतं.

सेकंड हँड रेग्युलेटरचंही असंच असतं. त्यावरचं कंपनीचं नाव चमकत असतं. पण तुम्ही खरं विकत घेता ती आधीच्या मालकाने घेतलेली काळजी, किंवा त्याने केलेला आळस.

त्यामुळे पुढच्या वेळी मालवणला बोटीच्या काठावर बसाल तेव्हा सेट स्वतःचा असो की भाड्याचा, माउथपीस तोंडात धरायच्या आधी एवढंच विचारा की याचं शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं होतं. बांदोलच्या किनाऱ्यावर कुस्तोकडे निदान पाण्यावर सिमोन होती आणि काठावर द्युमा होता.